गद्धेपंचविशी

गद्धेपंचविशी हा शब्द आपण सगळेच वापरतो. सोळा-सतरापासून पंचविशीपर्यंतचं जे वय, त्याला आपल्या वाडवडिलांनी हे नाव दिलं. या वयात अंगात बळ येतं, पण पोच येत नाही, असा त्याचा अर्थ. पोरगं उंचावरून विहिरीत उडी घेतं. कोणी जरा बोललं की ताट लोटून उठतं. मोटारसायकल हाती आली की कानात वारं शिरलेल्या वासरासारखं सुटतं. मग बाप कपाळाला हात लावतो आणि म्हणतो, "याच्या डोक्यात आहे तरी काय?"

वाचकहो, आज आपण हेच पाहणार आहोत. त्याच्या डोक्यात काय चाललेलं असतं, ते शास्त्रज्ञांना आता पुष्कळसं दिसू लागलं आहे. आणि नवलाची गोष्ट अशी, की पंचवीस हा आकडा आपल्या म्हाताऱ्यांनी अगदीच हवेतून काढलेला नव्हता.

गावात या बाबतीत दोन बोलणी नेहमी कानी येतात. एक, "त्याचं रक्तच तसं. आजा तापट, बाप तापट, मग हा कसा निराळा निघेल?" दुसरं, "पोराची जात आहे, चालायचंच. पोरीनं मात्र असं वागू नये." पहिलं बोलणं वंशाचं, दुसरं मुलगा आणि मुलगी या भेदाचं. दोन्हींत थोडं धान्य आहे आणि बरंच फोल आहे. ते सुपात घेऊन पाखडलं पाहिजे.

आधी मेंदू म्हणजे काय ते समजून घेऊ. कवटीच्या आत असलेला हा मऊ गोळा मोठ्या माणसात साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅमचा असतो. लेकरू सहा वर्षांचं होतं, तोवर त्याचा मेंदू आकाराने शंभरातला नव्वद हिस्सा वाढून झालेला असतो. म्हणून पूर्वी पंडित लोक समजत, की मेंदूचं काम लहानपणीच उरकतं. ही समजूत पुढे बदलली. अमेरिकेत जे गीड नावाच्या डॉक्टरांनी १९९१ सालापासून मुलांच्या मेंदूची चित्रं घ्यायला सुरुवात केली. एमआरआय नावाचं यंत्र असतं. ते लोहचुंबकाच्या जोरावर शरीराच्या आतलं चित्र काढतं. चिरफाड नाही, टोचणं नाही. त्याच मुलांना काही काळाने परत बोलवायचं, परत चित्र काढायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. १९९९ साली त्यांनी सांगितलं, की मेंदू आकाराने तयार दिसला तरी त्याची आतली बांधणी वयात येण्याच्या काळात चालूच असते. पुढच्या अभ्यासांनी दाखवलं, की ती विशीच्या मध्यापर्यंत चालते. म्हणजे पंचविशीच्या आसपास!

ही बांधणी कशी होते? आपण ज्वारी पेरतो. दाट उगवली की विरळणी करतो. जादा रोपं उपटली म्हणजे राहिलेली जोमाने वाढतात. मेंदूतही असंच घडतं. लहानपणी मेंदूच्या पेशींत फार जोडण्या झालेल्या असतात. वयात येताना नको त्या गळतात आणि ज्या रोज वापरात आहेत त्या टिकतात. दुसरं काम रस्त्याचं. मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागात निरोप जातो, त्या धाग्यांवर स्निग्ध पदार्थाचं वेष्टण चढतं. मग पाऊलवाटेची जणू डांबरी सडक होते आणि निरोप झपाट्याने पोचतो.

पण सगळा मेंदू एकदम तयार होत नाही, आणि खरी मेख इथेच आहे. मेंदूच्या आत खोलवर जे भाग आहेत, त्यांतून हौस, ओढ, राग, भीती उठते. ते वयात येताच जोरात जागे होतात. कपाळाच्या मागे जो भाग आहे, त्याचं काम विचार करण्याचं, पुढचं पाहण्याचं, "थांब" म्हणण्याचं. तो भाग सगळ्यांत शेवटी पिकतो. गाडीला जोमदार गोऱ्हा जुंपला आहे आणि कासरा अजून वळून व्हायचा आहे, अशी ही स्थिती. शेतकऱ्याला हे सांगायला नको. गोऱ्हा पहिल्यांदा जुवाला लावताना आपण दुसऱ्या बाजूला मुरलेला बैल जुंपतो. दोन गोऱ्हे एका जुवाला कोणी शहाणा माणूस लावत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता पहिलं बोलणं घेऊ. "रक्तच तसं."

रक्तातून स्वभाव येत नाही, हे आधी सांगतो. जे येतं ते बीजातून येतं. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८० नंतरच्या दशकात भेंडीचा एक वाण काढला, 'परभणी क्रांती'. ज्यांनी भेंडी लावली त्यांना हे नाव ठाऊक आहे. भेंडीवर हळद्या पडतो, पानांच्या शिरा पिवळ्या होतात आणि पीक जातं. तेव्हा शास्त्रज्ञांनी 'पुसा सावनी' नावाच्या चालत्या वाणाचा संकर भेंडीच्या एका रानटी जातीशी केला. रानटी जातीत हळद्याला तोंड देण्याचा गुण होता. पुढे पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तो गुण त्यांनी खाण्याच्या भेंडीत उतरवला. हा जो उतरणारा गुण, तो बीजातल्या ज्या बारीक तुकड्यावर लिहिलेला असतो, त्याला जनुक म्हणतात. अशी अनेक जनुकं ज्या धाग्यांवर ओवलेली असतात, ते धागे म्हणजे गुणसूत्रं. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. २३ आईकडून, २३ बापाकडून.

मग मनाला आवर घालण्याची शक्तीही बीजातून येते काय? हे ताडून पाहायला शास्त्रज्ञांनी जुळी मुलं घेतली. जुळी दोन तऱ्हेची असतात. काही जुळी एकाच फळलेल्या बीजाचे दोन भाग होऊन जन्मतात. त्यांची जनुकं सारखी असतात. काही दोन निराळ्या बीजांतून होतात, ती सख्ख्या भावंडांइतकीच सारखी. दोन्ही तऱ्हेची जुळी एका घरात, एका आईच्या हाताखाली वाढतात. पहिल्या तऱ्हेची जुळी आवर घालण्यात एकमेकांसारखी जास्त निघाली, तर बीजाचा हात मोठा. असे अभ्यास अनेक देशांत झाले. त्यांतून दिसलं, की माणसामाणसांत जो फरक असतो त्यातला निम्म्याच्या आसपास, काही अभ्यासांत त्याहून थोडा जास्त, बीजामुळे असतो. राहिलेला घर, शेजार, मित्र, शाळा, आजार, उपासमार अशा गोष्टींमुळे.

इथे एक गफलत होते. निम्मा फरक बीजाचा, याचा अर्थ तुमच्या पोराचा निम्मा राग आजाकडून आला असा नाही. गावातल्या शंभर शेतांत कापसाच्या उताऱ्यात फरक पडतो. त्यातला काही बियाण्यामुळे, काही जमिनीमुळे. पण एखाद्या शेतातलं एक बोंड हाती घेऊन 'यातला एवढा कापूस बियाण्याचा, एवढा मातीचा' असं कोणी सांगेल काय? आणि दुष्काळात बियाणं कितीही भारी असलं तरी काय होतं, हे मराठवाड्याच्या माणसाला आम्ही काय सांगावं!

एकाच जनुकावर सारं अवलंबून असतं, असंही नाही. शेकडो जनुकं मिळून काम करतात, प्रत्येकाचा वाटा तीळभर. मात्र क्वचित एखादं घराणं निराळं निघतं. हॉलंड देशात असं एक घराणं होतं. त्यातल्या काही पुरुषांची बुद्धी थोडी मंद होती आणि राग आला की भान सुटायचं. कोणी मारायला धावे, कोणी आग लावी. बायका मात्र ठीक होत्या. त्याच घराण्यात एक शिक्षक होते. त्यांनी १९६२ सालीच आपल्या नात्यातल्या अशा पुरुषांची पिढीवार नोंद करून ठेवली होती. (मास्तराची नोंदवही वाया जात नाही, हे वाचून आम्हांला बरं वाटलं.) १९९३ साली हान ब्रुनर या डॉक्टरांनी कारण शोधलं. त्या पुरुषांतलं एक जनुक बिघडलेलं होतं. मेंदूत निरोप नेणारी जी द्रव्यं असतात, त्यांचा निचरा ते जनुक करतं. निचरा झाला नाही, द्रव्यं साचली.

पण फक्त पुरुषांतच का? कारण ते जनुक एक्स नावाच्या गुणसूत्रावर बसलेलं आहे. बाईच्या पेशीत दोन एक्स असतात. पुरुषाच्या पेशीत एक एक्स आणि एक लहानसं वाय. बाईचं एक बिघडलं तर दुसरं सांभाळून घेतं. पुरुषाजवळ दुसरं नसतं. दोन बैलांतला एक बसला तरी गाडी कशीबशी घरी येते. एकच असेल तर वाटेतच राहते. असं घराणं फार दुर्मिळ असतं, हे विसरू नका. तुमच्या आमच्या घरातल्या तापट पोराला ही गोष्ट लागू नाही.

एक्स-वायचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगून टाकतो. आई मुलाला एक्सच देते, तिच्याजवळ दुसरं नसतंच. बापाकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. अमेरिकेतल्या नेटी स्टीव्हन्स या विदुषीने हा उलगडा १९०५ साली एका किड्यावर अभ्यास करून केला. तेव्हा मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणारी सासू अजून कुठे असेल, तर तिला हा परिच्छेद वाचून दाखवा.

आता दुसरं बोलणं. "पोराची जात आहे, चालायचंच."

मुलगा आणि मुलगी यांच्यात फरक नाहीच, असं कोणी शास्त्रज्ञ म्हणत नाही. मुली मुलांपेक्षा साधारण वर्ष-दोन वर्षं आधी वयात येतात. शरीरात जे रस सुटतात, ते मुलात आणि मुलीत वेगळ्या प्रमाणात असतात आणि त्यांचा परिणाम मेंदूच्या वाढीवरही होतो. पण फरक नेमका कशात आहे, हे पाहावं. २०११ साली इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाच्या अभ्यासकांनी जगभरचे २७७ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांना दिसलं, की धोक्याची, थराराची ओढ पुरुषांत सरासरीने जास्त आहे. शिक्षेची, नुकसानीची भीती बायकांत जास्त आहे. पण मनाला मुद्दाम आवर घालण्याची जी शक्ती, तीत दोघांत फारसा फरक आढळला नाही.

हे नीट समजून घ्या, कारण सगळा विषय इथे येऊन ठेपतो. मुलाचा गोऱ्हा जरा जास्त ओढाळ आहे. पण कासरा दोघांनाही मिळालेला आहे, आणि तो सारख्याच सुताचा आहे. मुलाला आवरच नसतो, हे खोटं आहे.

शिवाय 'सरासरी' हा शब्दही फसवा आहे. परभणीच्या शनिवार बाजारात उभे राहा. पुरुष बायकांपेक्षा सरासरीने उंच दिसतील. तरी ठेंगणे पुरुष दिसतील, आणि त्यांच्याहून उंच बायाही दिसतील. उंचीवरून बाई की पुरुष हे ओळखू म्हणाल तर पुष्कळदा चुकाल. स्वभावाच्या बाबतीत तर दोघांतला फरक उंचीतल्या फरकाहून बराच कमी असतो. साधी पोरं आहेत, धाडसी पोरी आहेत.

आणि आपण घरात काय करतो? मुलगी दहा वर्षांची झाली की भाकरी, पाणी, धाकट्या भावाला सांभाळणं, मोठ्यांपुढे आवाज न चढवणं. तिला रोज मन आवरायची सवय होते. मुलगा ताट लोटून उठला तर आई मागून दुसरं ताट घेऊन जाते. विरळणीची गोष्ट आठवा. रोज वापरात असलेली जोडणी टिकते. मग सतराव्या वर्षी पोरगं ऐकत नाही, तेव्हा आपण म्हणतो, पोराची जातच तशी! बीजाचा वाटा किती आणि दुसऱ्या ताटाचा वाटा किती, याचा विचार ज्याने त्याने आपल्या चुलीपाशी बसून करावा.

आपल्या देशातही यावर काम चाललं आहे. बंगळुरूच्या निमहान्स या मोठ्या मेंदूविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने, इंग्लंडमधल्या अभ्यासकांच्या मदतीने, देशाच्या निरनिराळ्या भागांतली ६ ते २३ वर्षांची हजारो मुलं-मुली तपासली गेली आहेत. स्वभाव, घर, खाणं, रक्तातली जनुकं, मेंदूची चित्रं, सारं एकत्र पाहायचं असा हा उद्योग आहे. व्यसनाकडे आणि आततायीपणाकडे कोणतं मूल का वळतं, हे त्यातून कळावं अशी अपेक्षा आहे.

आता दोन गोऱ्ह्यांची गोष्ट. २००५ साली अमेरिकेत एक प्रयोग छापून आला. पडद्यावर मोटार चालवण्याचा खेळ होता. पिवळा दिवा लागला की थांबायचं की दामटायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. तेरा ते सोळा वर्षांची पोरं एकटी खेळली तेव्हा बेताने खेळली. ज्यांच्या शेजारी मित्र उभे केले, ती पोरं जास्त धोका घेऊ लागली. चोवीस वर्षांच्या पुढच्या माणसांवर मित्र असल्या-नसल्याचा म्हणावा असा परिणाम झाला नाही. आता पाथरी रस्त्यावर एका मोटारसायकलीवर तिघे बसून जाताना दिसतात, ते डोळ्यांपुढे आणा. एकटा असता तर तो पोरगा ट्रकला असा ओलांडून गेला असता काय?

म्हणून कायद्याने अठरा वर्षं पुरी झाल्याशिवाय गिअरची गाडी चालवता येत नाही. २०१९ साली हा कायदा कडक झाला. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. आणि त्या मुलाला परवाना मिळत नाही, तो वयाच्या पंचवीस वर्षांपर्यंत. पाहा, कायदेही पंचविशीवरच आले! १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला महागड्या मोटारीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. सतरा वर्षांचा मुलगा गाडी चालवत होता, असं पोलिसांनी सांगितलं. गाडीचा पैसा असो की नसो, त्या वयाचं डोकं सारखंच.

आता मुलीकडे वळू, आणि हे आम्ही जड मनाने लिहितो. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर आरोग्याची पाहणी केली. त्यात परभणी जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांत शंभरातल्या ४८ जणींचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं निघालं. महाराष्ट्रात हा आकडा आपल्याच जिल्ह्याचा सर्वांत मोठा होता. त्याला गरिबी, ऊसतोडीला जाणं, शाळा दूर असणं अशी कारणं आहेत, ती आम्हांला ठाऊक आहेत. पण एक कारण असंही सांगतात: "गुरुजी, पोर वयात आली. उद्या तिचं पाऊल वाकडं पडलं तर? त्यापेक्षा उजवून टाकलेली बरी."

या बोलण्याला आमचं उत्तर असं. मुलगी लवकर वयात येते, याचा अर्थ तिचं डोकं पुरं पिकलं असा होत नाही. अंगाची वाढ आधी, विचाराची नंतर, हा क्रम तिलाही चुकलेला नाही. मंगळसूत्राने मेंदू पिकत नाही. पंधरा वर्षांच्या पोरीवर संसार, बाळंतपण आणि सासरचं बोलणं, सगळं एकदम टाकायचं, तेही जिथे तिच्या बाजूला मुरलेला बैल नाही अशा गाडीत! कायद्याने मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस वर्षं पुरी लागतात. कुठे असं लग्न ठरत असेल तर १०९८ या नंबरावर फोन करता येतो.

मग बीजाला आपण काहीच करू शकत नाही काय? न्यूझीलंड देशात डनेडिन नावाचं गाव आहे. तिथे १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांवर शास्त्रज्ञांनी जन्मापासून नजर ठेवली. लहानपणी कोणाला मन किती आवरता येतं, हे आईबाप, शिक्षक यांना विचारून लिहून ठेवलं. ती मुलं बत्तीस वर्षांची झाली तेव्हा पाहिलं. ज्यांना लहानपणी आवर घालता येत होता त्यांची तब्येत, पैसा, वागणूक चांगली निघाली. ज्यांना येत नव्हता ते जास्त करून कर्जात, व्यसनात, कोर्टकचेरीत सापडले. मुलींना आवर जरा जास्त होता, पण आवर नसल्याचे परिणाम मुलगा-मुलगी दोघांनाही सारखेच भोवले. आणि आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटली ती गोष्ट अशी: काही मुलांचा आवर मोठं होता होता वाढला. त्यांचं पुढचं आयुष्य, लहानपणावरून वाटलं असतं त्याहून चांगलं गेलं.

हा आवर वाढवायला फार मोठं काही लागत नाही. पोराला रागात असताना उपदेश करू नका. त्या वेळी कपाळामागचा भाग ऐकण्याच्या स्थितीत नसतो. त्याला पाणी द्या, अंगणात जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी शेतावर जाताना बोला. मारून आवर शिकवता येत नाही. मारणारा स्वतःच आवर सुटल्याचा धडा देत असतो. झोप पुरी होऊ द्या. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, आणि रात्री बारापर्यंत मोबाईल पाहणाऱ्या पोराचं डोकं सकाळी ताळ्यावर नसतं. मुलालाही घरचं काम सांगा, धाकट्यांना सांभाळायला सांगा, मुलीइतकंच.

आणखी एक गोष्ट कपाशीवाल्या घरांसाठी. फवारणीचं औषध ओसरीत, खाटेखाली ठेवू नका. पेटीत ठेवा, कुलूप लावा, किल्ली मोठ्या माणसाजवळ ठेवा. परीक्षेत नापास झालं, बाप बोलला, मैत्रीण रुसली, एवढ्यावरून या वयात मन एकदम काळोखात जातं. ही लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते. त्या वेळात हाताशी काही नसलं आणि जवळ माणूस असलं तर लेकरू वाचतं. पोर गप्प गप्प राहू लागलं, जेवेना, "मी नसलेलं बरं" असं काही बोललं, तर ते नाटक समजू नका. जवळ बसा, एकटं सोडू नका. सरकारचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो. पैसे पडत नाहीत, आणि पलीकडच्या माणसाशी मराठीत बोलता येतं.